लिफ्ट चालते आहे ना, मग झालं!

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग नातवाची परीक्षा, मग आमच्या नाशिकचा पाऊस. पण परवा सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली आणि घरी आल्यावर झोप लागेना. सौ. म्हणाली, "अहो, पडून तळमळण्यापेक्षा त्या कॉम्प्युटरवर बसा आणि लिहून टाका एकदाचं." तर हे लिहितो आहे.

मीटिंगमध्ये विषय होता लिफ्टचा. दरवर्षीप्रमाणे देखभालीच्या कराराचं, म्हणजे ज्याला सगळे ए.एम.सी. म्हणतात त्याचं, नूतनीकरण. मी म्हटलं, करार कराच, पण यंदा त्याच्याबरोबर लिफ्टची रीतसर तपासणी करून घेऊ. ज्याचा त्या देखभाल कंपनीशी काही संबंध नाही अशा माणसाकडून. त्यावर एक तरुण सभासद (आय.टी. मध्ये आहेत, पुण्याला जाऊन येऊन असतात) हसून म्हणाले, "सर, लिफ्ट चालते आहे ना? मग कशाला उगाच?"

लिफ्ट चालते आहे ना! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेगवेगळ्या रूपांत ऐकलं आहे की काय सांगू. शाळेत असताना, पोरं पास होताहेत ना? नळाला पाणी येतंय ना? पूल उभा आहे ना? आपल्याकडे एखादी गोष्ट ज्या दिवशी बंद पडते त्या दिवशीपर्यंत ती उत्तमच असते. आणि बंद पडली की मग 'दैव'!

आता मी हे का बोलतो, त्याचा मला काय अधिकार, तेही सांगतो. अधिकार असा की या प्रकरणात पहिला आरोपी मीच आहे.

आमची इमारत गंगापूर रोडच्या बाजूची, २००४ सालची. खाली पार्किंग, वर सात मजले, एकवीस बिऱ्हाडं. लिफ्ट त्या काळातली साधी. बाहेर ढकलायचं दार, आत जाळीचं सरकतं दार. २००८ साली मी शाळेतून निवृत्त झालो आणि शिक्षक माणूस, हिशोबाला चोख, म्हणून सगळ्यांनी मला खजिनदार केलं. २००९ ला लिफ्टच्या कराराची कागदपत्रं माझ्यासमोर आली. ज्यांनी लिफ्ट बसवली त्यांचा कॉम्प्रिहेन्सिव्ह करार, म्हणजे सुट्या भागांसकट सगळं त्यांच्याकडे, वर्षाला ३८,००० रुपये. आणि शहरातल्याच एका दुसऱ्या एजन्सीचा नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करार, १७,००० रुपये. भाग बदलायचा झाला तर त्याचे पैसे वेगळे. मी काय केलं असेल? वर्षाला २१,००० रुपये वाचवले! वार्षिक सभेत माझं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचा हिशोब मी नंतर मांडला, एकवीस बिऱ्हाडांना मिळून एकवीस हजार, म्हणजे घरटी महिन्याला त्र्याऐंशी रुपये. एका वेळच्या मिसळीला दोघांना पुरणार नाहीत इतके.

त्या एजन्सीचा मुलगा महिन्याला एकदा यायचा. वीस मिनिटं वर मशीन रूममध्ये, पाच मिनिटं खाली, कार्डावर सही, आणि गेला. भाग बदलायचा म्हटलं की कमिटी म्हणायची, "पुढच्या महिन्यात बघू." तोही बिचारा आग्रह करायचा नाही. आग्रह केला तर पुढच्या वर्षी करार कोणाला मिळेल?

आणि लिफ्ट थांबताना हळूहळू मजल्याच्या थोडी खाली किंवा थोडी वर थांबायला लागली. आधी एक बोट, मग दोन बोटं. आम्हाला सवय झाली. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं सांगायचो, "जरा पाय उचलून हं, आमची लिफ्ट थोडी लाडात आहे." २०१८ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, सौ. हातात रांगोळीचे डबे घेऊन पाचव्या मजल्यावर बाहेर पडत होती. लिफ्ट चार बोटं खाली थांबली होती. पाय अडकला, ती पुढे पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, अर्धा सांधा बदलला, दोन लाख चाळीस हजार रुपये आणि सात महिने. ती आता चालते, पण देवळाच्या पायऱ्या पाहून थांबते. गोदाकाठी जाणं तिनं सोडलंय.

करारावर सही माझी होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय झालं, टाळ्या मीपण वाजवल्या होत्या." असो.

त्या सात महिन्यांत मी एक गोष्ट केली. लिफ्ट कशी चालते ते शिकलो. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए., यंत्राशी संबंध शिलाई मशीनपुरता. पण माणूस शिकू शकतो. एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं, तो याच धंद्यात दुसऱ्या शहरात आहे, आणि त्याच्याबरोबर एक रविवार आमच्या मशीन रूममध्ये काढला. चौदा वर्षांत मी तिथे पहिल्यांदा चढत होतो. दाराला कुलूप नव्हतं, कोपऱ्यात कोणाच्या तरी गणपतीचं मखर ठेवलेलं, आणि छताचं पाणी कंट्रोल पॅनलपासून हातभर अंतरावर ठिबकत होतं.

त्यानं मला समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण बहुतेक लोकांच्या मनात लिफ्टबद्दल एकच भीती असते, दोर तुटेल. खरं म्हणजे दोर तुटून लिफ्ट कोसळण्याची भीती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. दोर एक नसतो, अनेक असतात, आणि गरजेच्या कितीतरी पट मजबूत. शिवाय १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाच्या माणसानं स्वतः उंच पाळण्यावर उभं राहून दोर कापायला लावला होता. पाळणा जागीच अडकला. दोर तुटला तरी पाळणा पकडून धरणारी ती कळ. आजच्या लिफ्टमध्येही तिची सुधारलेली भावंडं असतात. वर गव्हर्नर नावाचं एक चाक असतं, वेग वाढला की ते अडतं, आणि पाळण्याखालच्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात.

पण ते चाक खरंच अडतं की नाही, पाचरी पकडतात की गंजून बसल्या आहेत, हे कसं कळणार? मुद्दाम अडवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या लिफ्टची ही चाचणी कधी झाली होती? कार्डावर नोंद नव्हती.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी चाटच पडलो. लिफ्टच्या पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला एक वजन बांधलेलं असतं. ते रिकाम्या पाळण्यापेक्षा जड असतं, म्हणजे पाळण्याचं वजन अधिक पूर्ण भाराच्या साधारण निम्म्याच्या आसपास. त्यामुळे लिफ्टमध्ये एकटा-दुकटा माणूस असताना ब्रेकनं दगा दिला तर लिफ्ट खाली पडत नाही, वर जाते! विहिरीच्या रहाटाचं बादलीचं टोक हलकं झालं तर काय होतं, तसं. आमची लिफ्ट चार बोटं इकडेतिकडे थांबत होती ती याच ब्रेकमुळे. ब्रेकचं अस्तर झिजलं होतं. साध्या, एकाच वेगाच्या लिफ्टमध्ये मजल्यावर थांबवण्याचं सगळं काम ब्रेक करतो. अस्तर झिजलं की थांबायला उशीर, आणि माणसं किती आहेत त्याप्रमाणे तो उशीर बदलणार. म्हणजे लिफ्ट 'लाडात' नव्हती, ती आम्हाला महिनोन्महिने ओरडून सांगत होती. आम्ही पाय उचलत होतो.

आणि तिसरी गोष्ट त्यानं सापडवली तेव्हा आम्ही दोघंही गप्प बसलो. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा स्विच वायर टाकून शॉर्ट केलेला होता. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप आणि स्विच असतो. दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलताच कामा नये, हा लिफ्टचा पहिला धर्म. तो स्विच वारंवार बिघडत होता, लिफ्ट बंद पडत होती, सभासद बोंबलत होते. म्हणून कोणीतरी वायर जोडून टाकली होती. लिफ्ट 'चालू' झाली! तिसऱ्या मजल्यावर दार उघडं असतानाही ती जाऊ शकत होती. आणि तिसऱ्या मजल्यावर तेव्हा दोन लहान मुलं असलेलं कुटुंब राहत होतं.

लिफ्टमध्ये माणसं मरतात ती बहुधा दारापाशी मरतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोरापाशी नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईत मालाडच्या एका शाळेतली सव्वीस वर्षांची शिक्षिका अशीच गेली. सहाव्या मजल्यावरचा तास संपवून ती लिफ्टमध्ये शिरत होती आणि पूर्ण आत जायच्या आधीच लिफ्ट हलली. मी ती बातमी वाचली आणि पेपर बाजूला ठेवला. छत्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस मी. तास संपल्यावरची ती घाई, हातातल्या वह्या, पुढच्या तासाची घंटा, सगळं डोळ्यांसमोर आलं.

जपानमध्येही हेच झालं होतं, जून २००६ मध्ये, टोकियोत. सोळा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होता, दार उघडं असताना लिफ्ट वर गेली. चौकशीत निघालं काय, तर ब्रेकचं अस्तर झिजलेलं! आणि देखभाल लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीकडे नव्हती, दुसऱ्या कंपनीकडे होती. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तेच ब्रेकचं अस्तर, तीच दुसरीकडे दिलेली देखभाल. आमच्याकडे एक खुबा मोडला, तिकडे एक पोर गेलं. फरक दैवाचा, कर्तृत्वाचा नव्हे. पण पुढे मात्र मोठा फरक आहे. त्या मुलाची आई गप्प बसली नाही, आणि २००९ पासून तिकडे नव्या लिफ्टना दार उघडं असताना पाळणा हलला तर तो पकडणारं वेगळं साधन सक्तीचं झालं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे कायदा नाही असं कोणी समजू नये. आपण तर सगळ्यांच्या आधी! मुंबई लिफ्ट अधिनियम १९३९ सालचा आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षाचा. लिफ्ट बसवायला परवानगी, चालवायला परवाना, सरकारी निरीक्षकाला आत येऊन तपासण्याचा अधिकार, अपघात झाला तर कळवण्याची सक्ती, सगळं त्यात होतं. त्याच्या जागी महाराष्ट्रानं २०१७ चा नवा कायदा केला, त्यात लिफ्टबरोबर सरकते जिने आणि सरकते मार्गही आले, विम्याची सक्ती आली. ग्रेटर नोएडाला सप्टेंबर २०२३ मध्ये बांधकामावरची लिफ्ट कोसळून मजूर गेले, तेव्हा उत्तर प्रदेशात असा कायदाच नव्हता. त्यांनी तो २०२४ मध्ये केला. त्याच महिन्यात, नोएडाच्या पाच दिवस आधी, १० सप्टेंबरला, आपल्या ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीवर काम करणारी लिफ्ट कोसळली आणि सात मजूर गेले. गच्चीवरचं काम संपवून खाली उतरत होते. आपल्याकडे तर कायदा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. कायद्याच्या वयानं काय होतं! मजुरांना वरखाली नेणारी लिफ्ट ही माणसांची लिफ्ट असते, हे इमारत पूर्ण होऊन तिथे फ्लॅटमालक राहायला येईपर्यंत आपल्या लक्षात येत नाही.

आता मूळ मुद्दा. देखभाल आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कमिटीला हे सांगून सांगून माझा घसा बसला. ए.एम.सी. म्हणजे देखभाल. जो देखभाल करतो त्यानंच तपासायचं म्हणजे पेपर काढणारा, पेपर लिहिणारा आणि पेपर तपासणारा एकच. मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, पण बोर्डाचा पेपर माझ्या वर्गाचा मला कधी तपासायला मिळाला नाही. मी लबाड होतो म्हणून नव्हे. मी प्रामाणिकच होतो. पण माझ्या वर्गातल्या पोराचं अक्षर मी ओळखलं असतं आणि अर्ध्या मार्काला हात सैल सुटला असता. एवढी साधी अक्कल शिक्षणखात्याला होती, ती आपल्याला लिफ्टच्या बाबतीत का नसावी?

सोसायटीच्या पैशांचं दरवर्षी ऑडिट होतं. बाहेरचा ऑडिटर येतो, झाडूवाल्याच्या पगाराचं व्हाउचर मागतो, चहाच्या बिलावरून मला प्रश्न विचारतो. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा वर्षं झालेल्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आणि तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी. आगीच्या यंत्रणेबद्दल २००६ च्या कायद्यानं जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा 'बी' नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. (किती सोसायट्या देतात ते विचारू नका.) आणि दिवसातून शंभर वेळा माणसं जिच्यात बसून वरखाली जातात, तिच्याबद्दल मात्र, 'चालते आहे ना?'

इंग्लंडात १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसं नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी होते, आणि तपासणारा देखभाल करणाऱ्यापासून स्वतंत्र असावा असा दंडक आहे. त्याहून मला आवडलं ते हे की माणसाच्या जिवाला धोका होईल असा दोष दिसला तर तपासनीस मालकाला तर सांगतोच, पण अहवालाची प्रत सरकारलाही पाठवतो. म्हणजे कमिटीला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायची सोयच नाही.

यावर मला हमखास जे ऐकवलं जातं ते म्हणजे 'इन्स्पेक्टर राज'. सर, तुम्ही जुन्या काळातले, तुम्हाला सरकारी इन्स्पेक्टरचं कौतुक. तो येतो, चहा पितो, पाकीट घेतो, सही करतो. त्यापेक्षा मालकानं स्वतःच लिहून द्यावं, सेल्फ सर्टिफिकेशन, आधुनिक पद्धत.

तर जुन्या काळातला माणूस म्हणून सांगतो, तपासणीचं नाटक कसं असतं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी ते केलं आहे. माझ्या लहानपणी शाळेत दिपोटी येणार म्हटलं की आठ दिवस आधी सारवण, तोरणं. पुढे मी मास्तर झालो आणि १९८१ साली आमच्या शाळेची वार्षिक तपासणी होती तेव्हा मी वर्गाला सांगून ठेवलं होतं, साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे, ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. मी उजवा हात पाहून उठवणार. साहेब खूष झाले. शेऱ्यात 'वर्ग उत्साही' असं लिहून गेले. चार महिन्यांनी वार्षिक परीक्षेत त्या उत्साही वर्गातली अकरा मुलं नापास झाली. ते डावे हात अजून मला दिसतात.

म्हणजे नाटक होतं, हे मान्य. पण म्हणून परीक्षा बंद करून मुलांनीच आपापले मार्क लिहून द्यावेत, असं कोणी म्हटलं का? नाटक होतं त्याचा उपाय, तपासणी उघड्यावर आणणं. तपासनीस सरकारी असो की परवाना दिलेला खासगी, मला सोयरसुतक नाही. पण तो मशीन रूममध्ये चढला पाहिजे, खाली खड्ड्यात उतरला पाहिजे, प्रत्येक मजल्याचं दार उघडून पाहिलं पाहिजे, वजन घालून ब्रेक आणि गव्हर्नर तपासला पाहिजे. या कामाला तास-दोन तास लागतात. आणि काय पाहिलं, काय सापडलं, ते मराठीत, ठळक अक्षरात, तारखेसह लिफ्टच्या आत चिकटवलं पाहिजे. आज तिथे काय असतं? 'थुंकू नये', 'पाच व्यक्ती, ३४० किलो', आणि एखाद्या क्लासची जाहिरात. रिक्षावाल्याला बॅज लागतो, हॉटेलवाल्याला परवाना भिंतीवर टांगावा लागतो. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाला शेवटची तपासणी कधी झाली हे वाचायला मिळू नये?

आणि सरकारकडे बोट दाखवायच्या आधी आमची फाइल सांगतो. आमच्या इमारतीत तपासणी का झाली नव्हती? कारण ती मागितलीच नव्हती. फी भरायची राहून गेली होती, पत्र आलं होतं ते फाइलला लावलं होतं, आणि फाइल माझ्या कपाटात होती. कागद व्यवस्थित पंच करून लावला होता, हे माझं वैशिष्ट्य!

एक लहानशी गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती उद्याच कोणाच्या उपयोगी पडेल. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आपल्याकडे वॉचमन त्रिकोणी चावीनं बाहेरचं दार उघडतो आणि आतल्या माणसाला म्हणतो, "मारा उडी." आमच्याकडे ती चावी पार्किंगमध्ये खिळ्याला टांगलेली असायची, पोरं तिच्याशी खेळायची. उडी मारू नका. पाळण्याच्या तळाखाली जी फट उघडी असते तिच्यातून माणूस मागे सरळ खड्ड्यात जातो. अडकलेल्या लिफ्टमध्ये गुदमरून कोणी मरत नाही, हवा येत असते. घंटा वाजवा, खाली बसा, मेकॅनिक येईपर्यंत रामरक्षा म्हणा नाहीतर मोबाइल बघा, पण बाहेर पडायची घाई करू नका. ती चावी आता आमच्याकडे कुलपात आहे.

मला खरी धास्ती आहे ती पुढच्या सिंहस्थाची. २०२७ च्या श्रावण-भाद्रपदात आमच्या या गावात किती माणसं उतरतील ते गोदामाईला ठाऊक. त्यातली कितीतरी नाशिकरोड स्टेशनवर उतरतील. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका, नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर गाठोडं, कडेला नातू, आणि समोर सरकता जिना. कित्येकींनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला असेल. सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला जिथे पायरी जमिनीत शिरते तिथे कंगव्यासारखे दाते असतात. तो एक दाता तुटलेला असला की लुगड्याचा काठ, चप्पल, मुलाचं बोट, काहीही आत जातं. चीनमध्ये २०१५ च्या जुलैत एका मॉलमध्ये वरची पत्र्याची झाकणी नीट बसवलेली नव्हती. एक आई मुलाला पुढे ढकलून स्वतः आत गेली. मूल वाचलं. आणि गर्दीत वरच्या टोकाला माणसं थबकली तर खालून जिना माणसं आणतच राहतो, त्याला कळत नाही की पुढे जागा नाही. तो थांबवायचं लाल बटण कुठे आहे हे तिथे उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असतं?

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला इथे चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. मी तेव्हा इथेच होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण पलंगावरच गेले. प्रत्येक वेळी चौकशी समिती नेमली गेली. समितीला सगळं सापडतं! जी गोष्ट एका माणसाला आदल्या आठवड्यात टॉर्च घेऊन सापडली असती, ती पाच जणांच्या समितीला तीन महिन्यांनी सापडते. वरातीमागून घोडे पाठवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

तर परवाची मीटिंग. मी हे सगळं बोललो, इतकं लांबण नाही, पण बोललो. ते आय.टी. वाले म्हणाले, "सर, खर्च किती येईल?" मी आकडा सांगितला. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाले, "घरटी एवढे म्हणजे वर्षाला... तसे फार नाहीत, पण सभासद विचारतील की गरज काय." चौथ्या मजल्यावरच्या काकू, ज्या मीटिंगमध्ये सहसा बोलत नाहीत, म्हणाल्या, "वहिनींना विचारा गरज काय ते." मग कोणी काही बोललं नाही. विषय 'पुढील सभेत घ्यावा' असं ठरलं. मिनिट्समध्ये तसं लिहिलंय, अक्षर माझंच आहे.

पुढची सभा येत्या रविवारी, सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. मी ठराव लिहून ठेवला आहे, अनुमोदक म्हणून काकूंची सही घेतली आहे. आणि दोन कागद झेरॉक्स करून आणले आहेत. एक २००९ च्या त्या कराराचा, माझ्या सहीचा, आणि दुसरा हॉस्पिटलच्या बिलाचा. दोन्ही नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावणार आहे. सौ. ला विचारलं, लावू ना? ती म्हणाली, "लावा. पण खाली तुमच्या सुवाच्य अक्षरात तारखा घाला, लोक वाचत नाहीत." मग लिफ्टनं खाली गेली, दळण आणायला. मी दाराशी उभा होतो. दोन वर्षांपूर्वी नवा ड्राइव्ह बसवल्यापासून लिफ्ट मजल्याला अगदी समपातळीत थांबते. तरी तिनं आधी खाली पाहिलं, मग पाय टाकला.